घराचे वळण
(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)



‘वळण’ हा मराठीतील मोठा अर्थवाही शब्द आहे. अक्षराला वळण असते, तसेच घरालाही असते. अक्षराचे वळण पाटीवर गिरवतानाच ठरते. पुढे माणूस कितीही शिकला तरी त्याचे हस्ताक्षर ते सांगून जाते. चाळिशीतला गृहस्थ जेवण झाल्यावर आपले ताट स्वतः उचलतो की तेथेच सोडून उठतो, याचा निर्णय त्या दिवशी होत नसतो. तो पाच-सहा वर्षांचा असतानाच झालेला असतो, आणि तो त्याने नव्हे, त्याच्या घराने केलेला असतो.

विनोबा भाव्यांचे बालपण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८९५ साली कोकणातील गागोदे गावी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण तुळशीला पाणी घातल्याशिवाय विन्याला जेवायला वाढायचे नाही, हा त्यांचा नेम होता. घरचा फणस फोडला की पहिले वाटे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जात, आणि ते पोहोचवण्याचे काम मुलाकडे असे. घरच्यांनी खायचे ते त्यानंतर. हाच मुलगा १९५१ मध्ये पोचमपल्लीहून भूदान मागत निघाला. फणसाच्या गऱ्यांतून भूदान जन्मले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ‘आधी दुसऱ्याला, मग आपल्याला’ हा क्रम त्या हातांना लहानपणीच ठाऊक झाला होता, एवढे निश्चित.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या माउलीने दानावर प्रवचन दिले नाही. तिने मुलाच्या हाती काम दिले. सवय कानांतून जात नाही, ती हातांतून जाते. रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे मुलांना पाणी ओतणे, बटणे लावणे, झाडणे, टेबल मांडणे अशी घरचीच कामे करता येत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी बालकांसाठी शाळा चालविल्या. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, असे त्यांचे सूत्र होते. तेथे अक्षरओळखीच्या आधी आंघोळ होती, नखे कापणे होते, केस विंचरणे होते. शिक्षणाचा पाया दिनचर्येत असतो, हे त्यांनी ओळखले होते.

आणि आपल्या घरांतून काय ऐकू येते? “राहू दे, सांडशील.” “तुला जमायचे नाही, तू अभ्यास कर.” चार वर्षांच्या मुलाला मदतीची हौस असते. तेव्हा घाईपोटी आपण त्याच्या हातातला तांब्या काढून घेतो. तेच मूल चौदा वर्षांचे झाले की “एक पेला उचलत नाही” अशी तक्रार करतो. हौस असताना नाकारलेले काम पुढे सक्तीने कसे गोड लागावे?

यातही मुलगा आणि मुलगी असा भेद होतो, आणि त्याचे ओझे पुढची पिढी वाहते. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया दिवसभरात बिनमोल घरकाम करताना आढळल्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे २६ टक्केच होते. काम करणाऱ्या स्त्रीचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७ मिनिटे. आई तापाने अंथरुणाला खिळली की सगळे घर थांबते, त्या घरातील मुलग्यांना कोणी कधी कुकर लावायला शिकवलेले नसते. आईला देवी म्हणणे सोपे आहे; तिच्या हातातील झाडू घेणे हे खरे पूजन आहे.

सवय लागायला वेळ लागतो. लंडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असे दिसले. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. ते प्रयोग प्रौढांवरचे होते; तरी चार दिवसांत निराश होणाऱ्या पालकांनी त्यातून धीर घ्यावा.

म्हणून मुलाला एकच काम द्यावे, पण ते पूर्णपणे त्याचे असावे. पाने मांडणे, चपला ओळीत लावणे, आजोबांच्या उशाशी रात्री पाण्याचा तांब्या ठेवणे. वेळ ठरलेली असावी. पाणी सांडले तर फडके त्याच्याच हाती द्यावे, धपाटा नको. आणि वडीलधाऱ्यांनी तो नियम आधी स्वतः पाळावा. जेवताना वडिलांच्या डाव्या हातात मोबाईल असेल, तर मुलाच्या हातातील मोबाईल कोणत्या तोंडाने काढून घ्यावा?

मुलांसाठी घर, ठेव, दागिने मागे ठेवण्याची आपली धडपड असते. ते सारे खर्चून संपू शकते. पहाटे उठल्यावर आपले अंथरूण आपणच घडी करणारा हात मात्र मुलासोबत परगावी जातो, परदेशी जातो, आणि उद्या त्याच्या मुलांनाही तेच शिकवतो. ही ठेव आजच ठेवायची आहे.