विद्यावेतनाचा आकडा आणि महिन्याचा खर्च
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपली मुले-मुली आता पीएच. डी.साठी थेट अमेरिकेपर्यंत अर्ज करू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु विद्यापीठाचे पत्र आले की घरात प्रथम पाहिला जातो तो विद्यावेतनाचा आकडा. डॉलरला रुपयांनी गुणले जाते आणि वडील मनातल्या मनात धाकट्या मुलीच्या लग्नाचा हिशेब मांडू लागतात. हा गुणाकार फसवा आहे. ते डॉलर तिथेच मिळायचे आणि बहुतेक तिथेच संपायचे.

समजा, एक विद्यापीठ वर्षाला 30,000 डॉलर देते, दुसरे 24,000. पहिले मोठ्या शहरात, तेथे खोलीचे भाडे महिना 1,500. दुसरे लहान गावात, भाडे 600. भाडे वजा जाता पहिल्याच्या हाती महिन्याला 1,000 उरतात, दुसऱ्याच्या हाती 1,400. शिवाय पुष्कळ ठिकाणी विद्यावेतन नऊच महिन्यांचे असते. घरमालक मात्र बारा महिन्यांचे भाडे घेतो. फी माफ असली तरी किरकोळ आकार आणि आरोग्यविमा कोणी भरायचा, हे लेखी विचारून घ्यावे. विवाहित मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : एफ-2 व्हिसावर सोबत गेलेल्या पत्नीला तेथे नोकरी करता येत नाही. म्हणजे एका विद्यावेतनात दोघांचा संसार.

आपल्या देशात हिशेब वेगळा. 2009 पासून आपल्या मुलांना आधार असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली. त्यामुळे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जे. आर. एफ.चे महत्त्व वाढले. 1 जानेवारी 2023 पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आहे. मुंबईत असा वा लहान शहरात, मूळ रक्कम तीच. फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. वसतिगृहात खोली मिळाली तर भत्ता मिळत नाही; तरीही मुंबईत मी खोलीच घेईन. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृहाच्या एका खोलीवर पीएच. डी. होणार की घरी बसणार हे ठरते, हे पालकांना मी सांगायला नको. खानावळीत रमजानमध्ये सहरीची सोय आहे का, हेही आधी विचारावे. नाहीतर महिनाभर बाहेरच्या जेवणाचा खर्च वेगळा.

हे पैसे वेळेवर येतातच असे नाही. कधी कधी कित्येक महिन्यांची रक्कम अडकून राहते. परदेशातही पहिले विद्यावेतन हाती पडेपर्यंत अनामत, भाडे आणि तिकीट हे सारे पदरचे. याच टप्प्यावर आपली हुशार मुले मागे फिरतात.

म्हणून कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे, की पदवीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी कर्जे-हसनाचा एक छोटा निधी वेगळा काढावा. तीन महिन्यांच्या खर्चापुरती रक्कम द्यावी आणि विद्यावेतन सुरू झाल्यावर ती हप्त्याने परत घ्यावी. अमेरिकेतील बऱ्याच विद्यापीठांना 15 एप्रिलपर्यंत होकार कळवावा लागतो. तेव्हा अर्जांचा निर्णय मार्चमध्येच व्हावा.