चिन्ह बोलतं कसं?



दाराला आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं,
की आपण ओळखतो, घरात शुभकार्य आहे.
कुणी सांगायची गरज नसते.
चिन्हांतून अर्थ कसा पोहोचतो,
याचा अभ्यास म्हणजे चिन्हमीमांसा.

अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी
चिन्हांचे तीन प्रकार सांगितले.

पहिला, साम्याचा.
फोटो माणसासारखाच दिसतो.

दुसरा, प्रत्यक्ष संबंधाचा.
डोंगरावर धूर, म्हणजे तिथे अग्नी.
न्यायदर्शन या आपल्या तर्कपरंपरेतही हेच उदाहरण आहे.

तिसरा, संकेताचा.
लाल सिग्नल म्हणजे थांबा.
हे आपण सर्वांनी ठरवलेलं असतं.

संकेत बदलला, की अर्थ बदलतो.
ख्रिस्ती विवाहात पांढरा वेश वधूचा.
हिंदू अंत्यविधीत तोच शोकाचा.

म्हणून श्रोतेहो, लक्षात ठेवा.
संकेताचं चिन्ह एकटं बोलत नाही.
त्याला अर्थ देतो समाज.
दुसऱ्यांची चिन्हं वाचताना
आधी त्यांचे संकेत समजून घ्या.