मोंतोने : टायबरकांठचें डोंगरी गांव

रोमपासून टायबर नदीचा कांठ धरून उगमाकडे जावें, म्हणजे पेरूजा शहर मागें पडल्यावर नदीच्या पूर्वेस एका टेंकडीच्या माथ्यावर मोंतोने हें गांव दिसूं लागतें. उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ४८० मीटर. वस्ती २,००० च्याहि आंत. भोंवतीं जुना दगडी तट, आंत चढउताराच्या अरुंद गल्ल्या.

खालचें खोरें कसदार आहे. तेथें धान्य पिकतें, तंबाखू पिकते. मग गांव वर कां बसलें? खोऱ्यांतून दक्षिणोत्तर वाट जाते आणि सैन्येंहि त्याच वाटेनें येत, हें त्याचें कारण. टेंकडी ज्याच्या ताब्यांत, वाटेवर नजर त्याची. अशा गांवीं नांगरापेक्षां तलवारीचें महत्त्व वाढावें यांत नवल नाहीं.

फोर्तेब्राच्चो हें येथील सरदार घराणें. नांवाचा अर्थ 'बळकट बाहू'. त्यांतील ब्राच्चो (१३६८-१४२४) हा भाडोत्री सेनापति होता. त्या काळीं इटलींतील संस्थानें करार करून असे सेनापति फौजेसह चाकरीस ठेवीत. करार संपला कीं निष्ठाहि संपे. ब्राच्चोनें १४१६ सालीं पेरूजाच जिंकून घेतलें. माणूस निर्दय खरा, पण त्रासिमेनो सरोवराचें वाढतें पाणी काढून देण्यासाठीं त्यानें भुयारी कालवा खोदविला, हेंहि त्याच्या खातीं मांडावयास हवें. लाक्विलाच्या वेढ्यांतील लढाईंत तो पडला. पोपशीं वैर असल्यामुळें त्याचें प्रेत प्रथम अपवित्र भूमींत पुरलें गेलें. पुढें पुतण्यानें त्याच्या अस्थि पेरूजास आणविल्या.

त्यानंतर पांच शतकांनीं, १९४४ च्या उन्हाळ्यांत, खोऱ्यांतील त्याच वाटेनें जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतें. मागील डोंगरांतील तटबंदी पुरी होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून तें प्रत्येक टेंकडी लढवीत होतें, आणि त्या टेंकड्या घेण्याचें काम दहाव्या हिंदी डिव्हिजनकडे आलें होतें. तींत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. तिच्यांतील नाईक यशवंत घाडगे हा कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचा बावीस वर्षांचा तरुण. १० जुलै रोजीं शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यांत त्याच्या तुकडीतील इतर सारे मेले वा जखमी झाले. तो एकटाच त्या मोर्चावर धांवला. हातबाँबनें मशीनगन व गोलंदाज निकामी केला, आणखी एकास गोळी घातली; गोळ्या भरण्यास अवसर नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानें मारलें. मागाहून लपलेल्या नेमबाजाची गोळी त्याला लागली.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्राच्चोच्या अस्थि तरी नातलगांना परत मिळाल्या. यशवंताची समाधि कोठेंच नाहीं. कासीनो येथील स्मारकावर, ज्यांच्या कबरी सांपडल्या नाहींत त्यांच्या नांवांत, त्याचें नांव आहे. माणगांवीं त्याचा पुतळा आहे, आणि २०२३ सालीं मोंतोने येथें त्याच्या नांवाचें सूर्यघड्याळ उभारण्यांत आलें.