अस्मानी, सुलतानी आणि सनगराचा माग



मराठी ऐतिहासिक कादंबरी उघडली की पहिल्या दोन-चार पानांत घोड्यांच्या टापा ऐकू येतात. हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' लिहिली, नाथमाधवांनी स्वराज्याची मालिका लिहिली आणि पुढच्यांनी तीच वाट मळवली. त्या पुस्तकांवर माझा राग नाही. रात्र रात्र जागून ती वाचणाऱ्यांपैकीच मी एक. पण त्यांत कारागीर येतो कसा? तलवारीला धार लावायला येतो, जीन शिवायला येतो, तटाचा चिरा घडवायला येतो. काम झालं की पानाबाहेर जातो. लढाई सरल्यावर त्याच्या धंद्याचं काय झालं, त्या रात्री त्याच्या चुलीवर काय शिजलं, हे विचारायला लेखकाला सवड नसते. फौज पुढच्या मुक्कामाला गेलेली असते ना!

आज मी एका कादंबरीबद्दल बोलणार आहे. ती अजून कुणी लिहिलेली नाही, निदान माझ्या वाचनात आलेली नाही. तिचा मुलूख बारामती आणि इंदापूर. तिचं मुख्य पात्र राजा नाही, सरदार नाही. घोंगडी विणणाऱ्या सनगराचं घर आहे. काळ 1802 ते 1877. म्हणजे आजा, बाप आणि नातू.

मुलूख आधी पाहून घेऊ. दक्षिणेला नीरा, वरच्या अंगाला भीमा, मधे कऱ्हा. नकाशावर तीन नद्या, आणि तरी हा टापू कोरडा. सह्याद्री ओलांडून ढग इथवर येतात तोवर त्यांतलं पाणी सरलेलं असतं. चांगल्या सालात वीसेक इंच पाऊस. एवढ्या पावसावर माळाला गवत येतं, गवतावर मेंढरं जगतात आणि मेंढरांमागे धनगर हिंडतो. धनगराने लोकर कातरायची, बायकांनी ती पिंजून चातीवर सूत काढायचं आणि सनगराने खड्डामागावर पाय सोडून बसायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने फिरवली की लोकरीचं सूत ताठ होतं. ही खळ लक्षात ठेवा, कादंबरीत ती पुन्हा येणार आहे.

घोंगडी घेतं कोण? कुणबी, मेंढके, गाडीवान. पावसात तिची खोळ, रात्री अंथरूण, बाळंतिणीच्या खाली, पाहुण्याला बसायला. वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू. आणि इथेच सनगराच्या संसाराचं दुखणं आहे. साल वाईट गेलं तर माणूस भाकरी टाळू शकत नाही, पण नवी घोंगडी टाळतो. आणखी एक साल जुन्यावर काढतो. कुणब्याची ज्वारी वाळायच्या आधीच सनगराचं गिऱ्हाईक वाळलेलं असतं.

आता आजाची पिढी. बारामती म्हटलं की कवी मोरोपंत आठवतात. पंत 1794 मध्ये गेले. त्यानंतर आठ वर्षांनी, 8 ऑक्टोबर 1802 रोजी, यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. 25 ऑक्टोबरला हडपसरची लढाई झाली, पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष सरता सरता वसईचा तह झाला. इतिहासाचं पुस्तक इथे फौजेबरोबर पुण्याकडे जातं आणि तिथून वसईला. माझ्या कादंबरीकाराने जाऊ नये. त्याने बारामतीतच थांबावं.

ऑक्टोबर म्हणजे खरीप उभं असण्याचे दिवस. हजारो घोडी या मुलखातून गेली ती काय खाऊन गेली असतील? उभी बाजरी. पेवं उकरली गेली. फौजेला थंडीसाठी घोंगड्या हव्याच असतात, म्हणजे सनगराला बरे दिवस यावेत असं वाटेल. पण लुटीवर चालणारी फौज घोंगडीचे पैसे मोजत नाही. आणि सुलतानी कमी पडली म्हणून की काय, पुढच्या साली पाऊसही फिरला. 1803-04 चा दुष्काळ दख्खनच्या आठवणीतला फार मोठा दुष्काळ. त्यात मेलेल्या माणसांची बरोबर मोजदाद कुणी ठेवली नाही. ज्यांनी ठेवायची ते कुलकर्णी स्वतःच गाव सोडून गेले असतील तर कोण ठेवणार?

आजा वाचतो की जातो हे कादंबरीकाराने ठरवावं. मी त्याला वाचवीन, कारण मला त्याचा मुलगा हवा आहे.

मुलाच्या पिढीत कंपनीचं राज्य आलं. लुटारू थांबले हे खरं, आणि म्हाताऱ्यांनी त्याबद्दल साहेबाला दुवा दिला असेल हेही खरं. मग 1827 च्या सुमाराला रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी जमीन मोजायला आला. हा कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात माल्थस या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत डोक्यात पक्का. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचे 55 टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर त्यात खोट नव्हती. पण निव्वळ उत्पन्नाचे आकडे खालच्या कारकुनांनी भरले होते, आणि ते कसे भरले होते हे गावाला माहीत होतं. शिवाय त्याच वर्षांत धान्याचे भाव कोसळले. सारा रोखीने ठरलेला, तो तेवढाच राहिला.

पुढे जे झालं ते सरकारच्याच अहवालात नमूद आहे. वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, अंगाला यातना दिल्या गेल्या. इंदापूर तालुक्यातली माणसं रात्रीतून निजामाच्या हद्दीत निघून गेली. जमिनी ओसाड पडल्या. अखेर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नवी आकारणी केली आणि 1836 मध्ये ती पहिल्यांदा लागू झाली ती इंदापुरातच, तीस वर्षांच्या मुदतीने. मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा पाया इंदापूरच्या माळावर घातला गेला, हे इंदापूरच्या किती लोकांना ठाऊक आहे?

पण ही सगळी कुणब्याची हकीकत. सनगर कुठे आहे? तो मोहतर्फ्याच्या यादीत आहे. जमीन न कसणाऱ्यावर, म्हणजे मागावर, दुकानावर, घाण्यावर बसवलेला हा कर पेशवाईतून कंपनीकडे आला आणि 1840 च्या दशकात उठला. तोवर गिऱ्हाईक नदीपार पळालेलं आणि मागाचा कर मात्र जागेवर, अशी अवस्था. शिवाय गावचे बलुतेदार, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, यांची मजुरी खळ्यावर धान्यात मिळायची. खळंच झालं नाही तर वर्षभर फाळ शेवटून देणाऱ्या लोहाराने कुणाच्या दारात जायचं? कुणब्याच्या छळावर निदान अहवाल तरी लिहिले गेले. लोहाराच्या उपाशी वर्षाला त्यात एक ओळ नाही. कादंबरीला जागा आहे ती या न लिहिलेल्या ओळीत.

नातवाच्या काळात आगगाडी आली. 1858 मध्ये रूळ इंदापूर तालुक्याच्या वेशीवर डिकसळला पोचले. गाडीतून विलायती कापड उतरलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 कापसाला सोन्याचे दिवस आले, शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळला. पण त्याच वर्षांत सुती कापड विणणाऱ्या साळ्या-कोष्ट्यांना सूत परवडेना. एकाच गावात एका घरी चांदीचे कडे आणि पलीकडच्या घरी बंद माग. असा प्रसंग हातात असताना कादंबरीकाराला खलपुरुष शोधायची गरज काय?

तेजी सरली, भाव पडले आणि 1867 मध्ये इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या आठवडे बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं लुटली, कर्जरोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. हा प्रसंग लिहिताना हात सांभाळावा लागेल. मारवाडी सावकाराला राक्षस करणं सोपं आहे; पण पाऊस पडेपर्यंत उधारीवर लोकर मिळत होती ती कुणाच्या पैशावर, हेही त्याच पानात आलं पाहिजे.

आणि मग 1876. मृगाने हुलकावणी दिली, परतीचा पाऊस आलाच नाही. धनगरांनी मेंढरं घेऊन जमेल तिकडे वाट धरली. लोकर गेली. नातवाच्या घरात माग आहे, हात आहेत, सूत नाही, गिऱ्हाईक नाही. मी हे प्रकरण लिहायला घेतलं तर दुष्काळाचा एकही आकडा देणार नाही. मी एवढंच लिहीन की सासूने खळीसाठी ठेवलेलं चिंचोक्यांचं मडकं खाली काढलं. ज्या चिंचोक्यांनी ताणा ताठ व्हायचा ते भाजून, सालं काढून, दळून पोरांच्या पुढ्यात आले. दुसऱ्या महिन्यात मागाची लाकडं विकायला निघाली; पण गावात जळणाखेरीज त्यांना भाव देणारा कुणी नाही. आजाने घडवून घेतलेली तूर, म्हणजे विणलेलं कापड गुंडाळायचं मागाचं लाकूड, सून विकू देत नाही. त्यावरून घरात भांडण होतं. दुष्काळात माणसं नुसती रडत नाहीत, भांडतातही, आणि कादंबरी त्या भांडणात जिवंत होते.

मग घर दुष्काळी कामावर जातं. नीरा डाव्या कालव्याचं काम याच काळात सुरू झालं. बोटांच्या टोकांवर जगणारा विणकर तिथे माती उचलतो, खडी फोडतो. महिन्याभरात त्याच्या बोटांना सुताचा तुटका धागा लागेनासा होतो. 1877 च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा या हिशेबावर आणली. दिवसभर खणून धान्य अर्धा किलोहूनही कमी! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली आणि ते निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला हा संप. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. इथे लेखकाला मोह होईल तो वासुदेव बळवंत फडक्यांच्या मागे जाण्याचा, कारण दोन वर्षांनी तेही याच दुष्काळी मुलखातून बंडाला उभे राहिले. तो मोह आवरावा. फडक्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सनगराच्या सुनेने संपाच्या दिवशी पाटी खाली ठेवली की नाही, हे लिहिणारा कुणी नाही.

त्या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज केला जातो. 1880 च्या दुष्काळ आयोगाने लिहून ठेवलं की पहिला फटका शेतमजुरांना आणि त्यांच्या पाठोपाठ कारागिरांना बसतो. शंभर वर्षांनी, 1981 मध्ये, अमर्त्य सेन यांनी 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात तेच शास्त्र म्हणून मांडलं: बाजारात धान्य असतानाही माणूस उपाशी मरतो, कारण ते घेण्याजोगं त्याच्याजवळ काही उरत नाही. सनगराच्या सुनेला हे 1876 च्या दिवाळीतच समजलं होतं. 1896-97 च्या दुष्काळात मात्र शेजारच्या सोलापुरात विणकरांना खडी फोडायला न पाठवता त्यांच्याच मागावर काम देण्याची सोय झाली. वीस वर्षं उशिरा, पण झाली.

माझी एक भीती आहे. कारागिरावर लिहायचं म्हटलं की आपले लेखक हळवे होतात आणि पात्र पहिल्या पानापासून हात जोडून उभं राहतं. सनगर असा नव्हता. तो बाजारात घासाघीस करणारा, लोकरीत भेसळ कुणी केली हे बोटाने ओळखणारा, दुसऱ्याच्या विणीला नावं ठेवणारा माणूस होता. त्याची ऐट दाखवा, म्हणजे माग बंद पडतो तेव्हा वाचकाला काय गेलं ते कळेल.

नीरा डाव्या कालव्याला 1885 च्या सुमाराला पाणी सुटलं. पुढे त्याच पाण्यावर ऊस आला, वालचंदनगर उभं राहिलं, बारामतीचं नाव बागायतीसाठी घेतलं जाऊ लागलं. ज्यांनी तो कालवा खणला त्यांत माग मोडून आलेले किती होते, हे कालव्याच्या कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही.

ऐकणाऱ्यांत कुणी तरुण लेखक असतील तर त्यांना दोन कामं सांगतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 1915 चा 'गावगाडा' वाचा. बलुतेदार आणि गाव यांचा व्यवहार त्यात आतून दिसतो. आणि मोडी शिका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात परगण्यांचे हिशेब रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतली मोहतर्फ्याची यादी सोडवून वाचा. आणि इंदापूर-बारामतीकडच्या ज्या घरांत आजही जुना माग, खळीचा कुंचा किंवा पणजोबांची उधारीची वही माळ्यावर पडून असेल, त्यांना विनंती आहे की दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना एकदा दाखवा.