खेळाच्या पेटीवरचे चित्र



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘व्हिडिओ गेम आणि बायका’ असे उत्तर धाडले. चालकांना क्षणभर वाटले असावे, की निरोप भलत्याच माणसाकडे गेला. ज्याचा जन्म जिनिंगच्या फाटकावर आणि जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर सभा घेण्यात गेला, त्याने किमान वेतनावर बोलावे, महागाईवर बोलावे. पोरांच्या खेळांवर त्याने काय बोलावे? त्यावर आमचे म्हणणे इतकेच, की आज आम्ही वेतनावरच बोलणार आहोत. सुरुवात मात्र खेळण्यापासून करणार आहोत.

आमचे शिक्षण दहावीला थांबले. पुढची शाळा युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाली. तेव्हा पंडिताचा आव आम्हांला आणता येणार नाही. जे पाहिले, जे वाचले आणि त्यावरून जे सुचले, ते आपल्यापुढे ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीत अंगणवाडी सेविकांची बैठक होती. एका सेविकेची नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपऱ्यात बसून आईच्या मोबाइलवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होती आणि मोठ्या इर्षेने खेळत होती. आम्ही सहज म्हटले, “बेटा, मुलींसाठी काही वेगळे खेळ असतात का गं त्यात?” तिने शोधून दाखवले. पडदा एकदम गुलाबी झाला. नवरीला सजवा, केक भाजा, बाळाला न्हाऊ घाला, घर आवरा, बाहुलीला साडी नेसवा. मग मुलांचे खेळ काढले. तिथे मोटारी, क्रिकेट, किल्ले, लढाया आणि आकाशयाने! दोन्ही याद्या पाहून ती पोर म्हणाली, “काका, हे त मी घरीच करतो ना. खेळातबी तेच करू काय?”

मंडळी, एवढा सरळ प्रश्न आमच्या तीस वर्षांच्या वाटाघाटींत कोणा मालकाला आम्ही विचारला नसेल. त्याचे उत्तर शोधावे म्हणूनच आम्ही या विषयात शिरलो.

प्रथम हे पाहू, की खेळ हा पुरुषांचा प्रांत ही समजूत आली कोठून. आपल्या परंपरेतून तर ती खास आलेली नाही. वेरूळला २१ क्रमांकाचे रामेश्वर लेणे आहे. त्यात शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेली कोरली आहेत. कैलासपतीसमोर बरोबरीने फासे टाकणारी पार्वती ज्या शिल्पकाराने घडवली, त्याला बाईने डाव मांडण्यात काही विपरीत वाटले नाही. आपल्या आज्या-पणज्या मंगळागौरीला रात्र रात्र फुगड्या आणि झिम्मा खेळल्या. सागरगोटे झेलताना त्यांची नजर आणि हात जसे चालत, तसे आजच्या पडद्यावरच्या पट्टीच्या खेळाडूचे चालत असतील. तीच पचिशी आज लुडो होऊन मोबाइलमध्ये आली आहे. नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ नावाने ती बाजारात आणली आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत सासू-सुना, बाप-लेकी तो डाव मांडून बसल्या. बायकांना खेळाची गोडी नाही, असे म्हणणाऱ्याने त्या दिवसांत कोणत्याही घरात डोकावायचे होते.

मग भिंत कोठे उभी राहिली? ती दुकानात उभी राहिली. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. निकृष्ट मालाने बाजार भरला होता आणि दुकानदार त्या मालाला हात लावीनात. १९८५ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपले यंत्र तिथे आणले, ते खेळणे म्हणून. आता खेळण्यांच्या दुकानात फळ्या दोन : एक मुलांची, एक मुलींची. माल कोठे ठेवायचा ते ठरवणे भाग होते. तो मुलांच्या फळीवर गेला. जाहिराती मुलांकडे बघून निघाल्या. १९८९ साली याच कंपनीने हातात मावणारे यंत्र काढले, त्याचे नावच ‘गेम बॉय’! मुलींना कोणी मज्जाव केला नव्हता. फक्त दारावर दुसऱ्याचे नाव लिहिले होते. आमच्या अनुभवात मज्जाव करण्याची ही सर्वांत स्वस्त रीत आहे.

आणि हे खेळ घडवणारे सगळे पुरुषच होते असेही नाही. कॅरोल शॉ या बाईंनी १९८२ साली ‘रिव्हर रेड’ हा नदीवरून विमान हाकण्याचा खेळ रचला. रॉबर्टा विल्यम्स यांनी १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ आणि १९८४ मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ दिले. मांडव घालायला बाई चालत होती. पंगतीला बसण्याचा मान मात्र तिचा नव्हता.

यावर व्यापारी म्हणेल, “आम्ही काय करणार? मागणी तसा पुरवठा. मुलींना गुलाबीच हवे असते.” हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात थोडे तथ्य आहे. १९९६ साली बार्बी बाहुलीच्या नावाने ‘फॅशन डिझायनर’ म्हणून एक खेळ निघाला आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. व्यापाऱ्यांनी निष्कर्ष काढला : पाहा, मुलींना कपडेच आवडतात! परंतु त्या खेळात होते काय? मुलगी संगणकावर कपड्याचा नमुना बेतत असे, घरच्या छपाईयंत्रातून तो कापडावर छापून काढीत असे आणि बाहुलीला चढवीत असे. म्हणजे तिच्या हाती एक हत्यार आले होते आणि त्या हत्याराने ती वस्तू निर्माण करीत होती. मुलींना निर्मितीचा आनंद मिळाला, म्हणून माल खपला, असे आम्हांला वाटते. व्यापाऱ्याने हत्यार पाहिले नाही, रंग तेवढा पाहिला. त्यानंतर रंग पुष्कळ आला, हत्यार क्वचितच आले.

‘पॅक-मॅन’चेही असेच. १९८० साली तो खेळ रचणारे जपानी गृहस्थ तोरू इवातानी यांनी पुढे सांगितले आहे, की मारामारीच्या खेळांना कंटाळलेल्या बायकांनी खेळघरात यावे, हा त्यांचा हेतू होता. आणि बायका म्हणजे खाणे, गोडधोड, असा विचार करून त्यांनी खाण्याचा खेळ काढला. तर्क मजेशीरच. बायका आल्या, पण पुरुषही तितकेच आले. कारण खेळ चांगला होता. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत ‘मिस पॅक-मॅन’ निघाली. ती कोण? तोच पिवळा गोळा. त्याच्या डोक्याला फीत, ओठाला लाली आणि गालावर तीळ! बाईसाठी काही करायचे म्हणजे पुरुषाच्या वस्तूला फीत बांधायची, ही युक्ती त्यानंतर आजपर्यंत बंद झालेली नाही.

आता कोणी म्हणेल, असेना का. खेळच तो. त्यात एवढे काय बिघडले? येथेच आम्ही वेतनाकडे वळतो.

अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत बायकांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास शंभरात ३७ पर्यंत चढले होते. त्यानंतर ते घसरत गेले आणि २०१० च्या सुमारास १८ वर आले. वैद्यकीत, कायद्यात त्याच काळात बायका वाढत होत्या. येथेच कमी होत होत्या. अभ्यासकांनी कारणे शोधली, त्यांत एक ठळक सापडले : त्या वर्षांत घरगुती संगणक आले आणि ते मुलांचे खेळणे म्हणून विकले गेले. बापाने ते मुलाच्या खोलीत ठेवले. मुलगा खेळता खेळता शिकला. दहा वर्षांनी दोघे कॉलेजात शेजारी बसले, तेव्हा मुलगा हुशार ठरला आणि मुलगी मागासलेली. वास्तविक एकाला दहा वर्षांची उमेदवारी फुकट मिळाली होती आणि दुसरीला नाही. आणि पुढे जगातील उत्तम पगार त्याच विद्येला मिळू लागले! पेटीवरचे चित्र असे पगारपत्रकापर्यंत पोहोचते.

आमच्याकडे ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत बायकांना रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत घेत, मागावर घेत नसत. कारण काय, तर बाईची बोटे नाजूक. मागावर पगार जास्त होता, हे त्या कारणात कोणी सांगत नसे. अंगणवाडी सेविकेचे पाहा. १९७५ मध्ये ही योजना सुरू झाली. सेविका मुले सांभाळते, शिकवते, वजने घेते, आहार देते, नोंदी ठेवते. परंतु तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. का? तर मुले सांभाळणे हा बाईचा स्वभाव. स्वभावाला पगार कसला? भगिनींनो, ‘बाळाला न्हाऊ घाला’ हा गुलाबी खेळ आणि हे मानधन यांची नाळ एक आहे. जे काम बाई हौसेने करते असे चित्र काढता येते, त्याची किंमत पाडता येते.

याच सेविकांच्या हाती सरकारने मोबाइल दिले. ते जुनाट पडले, गरम होऊ लागले, बंद पडू लागले. त्यांत माहिती भरायची ती इंग्रजीतून. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी ते फोन परत केले. तेव्हा आमच्यासमोर एक साहेब बोलले, “बायकांना यंत्र जमत नाही हो.” आम्ही त्या बायांना विचारले. त्यांनी फोनमध्ये साठवणीची जागा किती, ती कशाने भरते, कोणत्या पानावर अडते, हे इतके बिनचूक सांगितले, की साहेबांना तोंड उघडता आले नाही. यंत्र त्यांना उत्तम जमत होते. त्यांना दिलेले यंत्र वाईट होते, इतकेच.

देशाचे चित्र मात्र अजून गंभीर आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरायला मोबाइल आहे अशा बायका शंभरात ५४ निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ आणि बायका ३३. आपल्या घरांत फोन आधी मुलाच्या हाती जातो, मुलीला तो मागून घ्यावा लागतो. अशा घरात गुलाबी जाहिरातीला फार मेहनत करावी लागत नाही. तिचे निम्मे काम आपणच करून ठेवलेले असते.

याचा अर्थ मुलींनी रात्रंदिवस पडद्याला चिकटावे, असा कोणी घेऊ नये. पैसे लावून खेळायच्या खेळांनी किती घरे बसली ते आम्ही पाहिले आहे, आणि २०२५ साली संसदेने त्यांना बंदी घालणारा कायदा केला, तो योग्यच झाला. आमचा मुद्दा एवढाच, की खेळायचे तर मुलीलाही सगळा डाव मिळावा.

आणि तसा डाव मांडणारेही आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ जगाच्या बाजारात आणला. संस्थेच्या संस्थापकांत श्रुती घोष या चित्रकार आहेत. खेळाची नायिका एक मुलगी. तिच्या भावाला राक्षस पळवतात आणि ती त्याला सोडवायला शस्त्र घेऊन निघते. राखीच्या गोष्टीत रक्षणकर्ता नेहमी भाऊच असतो; येथे बहीण आहे. लोकवर्गणी गोळा करण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी ते हटले नाहीत.

आपल्या विदर्भाची लेक दिव्या देशमुख हिने जानेवारी २०२४ मध्ये उघडपणे सांगितले, की नेदरलँड्समधील एका बुद्धिबळ स्पर्धेत प्रेक्षकांनी तिच्या चाली सोडून तिचे कपडे, केस आणि बोलणे पाहिले. जुलै २०२५ मध्ये तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. पटावर लक्ष ठेवावे, हे शिकण्याची गरज तिला नव्हती, बघणाऱ्यांना होती.

आता शेवटचे, आणि ते आमच्याविषयी आहे. दुसऱ्याच्या पेटीवरचे चित्र दाखवणे सोपे. त्या बैठकीत त्या मुलीच्या प्रश्नानंतर एक सेविका उठली आणि भिंतीवरच्या आमच्या युनियनच्या पत्रकाकडे बोट करून म्हणाली, “भाऊ, यायच्यावर कोन हाय?” आम्ही पाहिले. हातोडा धरलेला एक पिळदार गडी. आमच्या सभासदांत निम्म्याहून अधिक बाया. मोर्चा त्यांच्या पायांवर चालतो, वर्गणी त्यांच्या कनवटीतून येते आणि पत्रकावर गडी! माईक कोणाच्या हाती असतो, तेही आम्ही मनाशी मोजले. त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू होऊन पन्नास दिवसांहून अधिक चाललेला सेविकांचा संप बायांनी लढवला होता, आणि आमच्या चित्रकाराला त्यांतली एकही बाई दिसली नव्हती. चित्रकाराला सांगणारे आम्हीच होतो.

पत्रक आता बदलले आहे. माईक बदलण्याचे काम चालू आहे. ते पत्रकापेक्षा जड आहे, हे कबूल करतो.

तेव्हा वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर येथून आलेल्या सर्व मंडळींना आमची एक विनंती आहे. सुट्टी लागली आहे. घरात मुलगी मोबाइल मागेल, तेव्हा ‘तुला काय करायचा’ असे म्हणू नका. तिच्या शेजारी बसा, आणि तिला विचारा, की यांतला कोणता खेळ तू स्वतः रचला असतास, तर कसा रचला असतास? ती जे उत्तर देईल, ते नीट ऐका. त्या उत्तराची मजुरी तिला उद्याच्या जगात पुरी मिळावी, यासाठी भांडायला आम्ही आहोतच.