शेजारी कोण?

ख्रिस्ती करुणेविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दवाखाने, अनाथालये आणि कुष्ठधामे उभी राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु या संस्थांच्या मुळाशी एक लहानशी कथा आहे, आणि त्या कथेच्याही मुळाशी एक प्रश्न आहे. आज मला त्या प्रश्नाविषयीच बोलावयाचे आहे. कारण सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो फार ओळखीचा वाटतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ही कथा येते. माणूस स्वतःवर जितके प्रेम करतो तितकेच त्याने शेजाऱ्यावर करावे, ही आज्ञा एका धर्मशास्त्र्याला तोंडपाठ होती. मात्र शेजारी म्हणावयाचे तरी कोणाला, असे त्याने येशूला विचारले. प्रश्न वरकरणी साधा आहे. पण त्याचा रोख पाहा. शेजारी कोण हे एकदा ठरले, म्हणजे शेजारी कोण नाही हेही ठरते. आणि जो शेजारी नाही त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य आपोआप संपते. आमच्या कचेरीच्या भाषेत याला पात्रतेचा निकष म्हणतात.

येशूने व्याख्या दिली नाही, गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट उजाड डोंगरांतून सुमारे १,००० मीटर खाली उतरते. त्या वाटेवर एका प्रवाशाला लुटारूंनी गाठले आणि अर्धमेला करून टाकून दिले. एक याजक आला, त्याने पाहिले आणि तो पलीकडच्या बाजूने निघून गेला. मंदिरातील सेवा करणारा एक लेवी आला, तोही तसाच गेला. तिसरा आला तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. एकांचे पवित्र स्थान यरुशलेमात, तर दुसऱ्यांचे गरिज्जीम डोंगरावर. ते एकमेकांशी संबंधही टाळीत. अशा या परक्याने जखमींवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले.

मग येशूने शास्त्र्याला उलट विचारले, की या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द काही निघाला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच त्याने उत्तर दिले. पण या एका उलट प्रश्नाने सारे चित्र पालटले. शास्त्र्याच्या प्रश्नात शेजारी हा दुसरा कोणीतरी होता व त्याची पात्रता तपासावयाची होती. येशूच्या प्रश्नात शेजारी आपणच व्हावयाचे आहे, आणि तपासणी व्हावयाची ती आपली. ख्रिस्ती करुणेचे मर्म माझ्या मते या पालटात आहे.

कथेचा शेवट मात्र पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. दुसऱ्या दिवशी शोमरोन्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, दिली. जास्त खर्च झाल्यास परत येताना भरून देईन, असेही सांगितले. कळवळा क्षणात येतो व क्षणात जातो. तो टिकावयाचा तर त्याला निवारा लागतो, पैसा लागतो, हिशेब लागतो आणि पुन्हा येण्याचा शब्द लागतो. करुणा आणि व्यवस्था यांत विरोध आहे असे मानणाऱ्यांनी ही उतारशाळा विसरू नये.

या दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतील तर पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगावचे स्मरण करावे. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंनी वडील, आई आणि थोरली बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावयाची गरज नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. ते प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांत नाना जातींच्या मुली होत्या. आरंभी आखलेली मर्यादा भुकेपुढे उरली नाही. १९०० च्या सुमारास, गुजरातेतील दुष्काळानंतर, आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्यासाठी शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग निघाले. अंध मुलींच्या शिक्षणाची सोय झाली. हीच ती उतारशाळा.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. सेवेच्या आडून धर्मांतर होते, असे रमाबाईंविषयी त्या काळी बोलले गेले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहृदय लोकही याच कारणाने शारदासदनाच्या सल्लागारपदावरून दूर झाले. हा वाद एका भाषणात मिटणार नाही. मात्र त्याची कसोटी मला त्या कथेतच सापडते. शोमरोन्याने जखमी माणसाचे दैवत विचारले नाही, आणि बरा झाल्यावर त्याने कोणत्या डोंगरावर प्रार्थना करावी हेही सांगितले नाही. ख्रिस्ताच्या नावाने सेवा करणाऱ्यांना ही कथा जितकी आधार देते, तितकीच जाबही विचारते.

आणि आम्हां अधिकाऱ्यांनाही विचारते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीकडच्या काही निवारा केंद्रांची देखरेख माझ्याकडे होती. एका रात्री शाळेच्या इमारतीत परप्रांतीय मजुरांचे एक कुटुंब भिजून आले. गावच्या यादीत त्यांचे नाव नव्हते, शिधापत्रिका नव्हती. मी त्यांना बाजूला थांबावयास सांगितले आणि कागद चाळू लागलो. कागद चाळणे गैर नव्हते. धान्य मोजके होते आणि हिशेब मलाच द्यावयाचा होता. इतक्यात कोपऱ्यातील एक म्हातारी उठली. तिचे स्वतःचे घर पाण्याखाली होते. तिने आपली सतरंजी ओढून अर्धी मोकळी केली, त्या बाईच्या कडेवरचे मूल स्वतःकडे घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, नाव सकाळी लिवा की. पोर गारठलंय."

नाव सकाळी लिहिले. नियमातही ते बसविता आले. खरे म्हणजे आदल्या रात्रीही बसले असते. त्या म्हातारीने शोमरोन्याची गोष्ट ऐकली असेल असे मला वाटत नाही. मी मात्र ती एम. ए. च्या वर्गापासून अनेकदा वाचलेली होती. तरीही त्या रात्री शेजारी कोण, हा शास्त्र्याचा प्रश्न मी विचारीत होतो, आणि त्याचे उत्तर ती देत होती.

याद्या असाव्यातच. त्यांच्यावाचून उतारशाळा चालत नाही. पण यादी उघडण्यापूर्वी सतरंजी सरकवावी, एवढे त्या रात्रीपासून मी स्वतःला बजावीत आलो आहे.