सिंदखेडचा दरवाजा



जहागिरी म्हणजे काय, हे परभणीकरांना आम्ही सांगायला नको. हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या १९४९ साली संपल्या. पडक्या गढ्या तेवढ्या मागे राहिल्या. आज त्याहूनही जुन्या एका दौलतीची आठवण करू.

जिंतूरच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. त्यातले सिंदखेडराजा हे लखुजी जाधवरावांच्या देशमुखीचे गाव. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म इथेच झाला. १६२९ साली निजामशहाने लखुजींना पुत्रांसह दौलताबादेस दग्याने मारले. त्यांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार मात्र अजून उभे आहे. लोक तिथे हात जोडतात आणि परततात.

आमचे म्हणणे एवढेच, की परतण्यापूर्वी जाधवांच्या काळचा मोती तलावही पाहावा. दरवाजा धन्याचा दिमाख सांगतो; तलाव त्याने रयतेची तहान ओळखली होती, हे सांगतो. आपल्या दुष्काळी मुलखात दुसरी साक्ष अधिक मोलाची.

तेव्हा आपल्या गावच्या गढीपाशी उभे राहाल, तर कमानीची उंची अवश्य पाहा. पण शेजारची बारवही शोधा. ती बुजली असेल, तर दौलत खरी तिथे बुडाली असे समजा, आणि गाळ काढायला लागा.